बोटां काडलीं?

बाबल्या, जन्मभर तुला ‘मेल्या’ म्हणत आलो. फोन उचललास की ‘मेल्या, खंय आसा?’, उशीर केलास की ‘मेल्या, घड्याळ मोडला काय तुजा?’, आणि पेटी हातातून सुटता सुटता वाचली की ‘मेल्या, मारतलो मरे माका!’ आपल्या पेडण्यात हा शब्द कोण मनावर घेतो? आई पोराला म्हणते, पोर मित्राला म्हणतं. आता तो शब्द ओठावर येतो आणि तिथेच अडकतो. परवा तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो, सवयीने तोंड उघडलं, ‘मे’ म्हटलं आणि पुढचं गिळलं. सुमतीवयनीने ऐकलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

रागही आलाय मला, सांगून ठेवतो. असं कोणी जातं का? सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला म्हणून तू फाटकाकडे गेलास, उंडे घेतलेस, त्याच्या सायकलच्या ब्रेकवरून त्याच्याशी हुज्जत घातलीस आणि कुंपणाच्या गडग्यावर टेकलास. टेकलास तो टेकलासच. घरात वयनी चहा गाळून बसलेली. ना दवाखाना, ना निरोप, ना एक हाक. आणि मी चोपड्याच्या तिठ्यावर टेंपो घेऊन तुझी वाट बघत उभा, मनातल्या मनात तुला शिव्या हासडत. त्या शिव्या अजून माझ्याकडेच पडून आहेत. कोणाला देऊ सांग.

लोक विचारतात, तुमचं नातं काय? काय सांगायचं? एका टेंपोतले दोन साउंडवाले. लग्न, नाटक, साखरपुडा, सत्यनारायण, जिथे आवाज हवा तिथे आपल्या स्पीकरच्या दोन थोरल्या पेट्या. तू स्वतः प्लाय कापून, आतून कापूस भरून बांधलेल्या, माझ्या छातीएवढ्या उंच. बाहेरच्याला वाटतं, साउंडवाल्याचं काम म्हणजे आवाज करणं. अरे, आवाज बटण दाबलं की होतो. खरं काम ते धूड उचलायचं आणि कोणाचं काही न मोडता ठेवायचं. तू उजवीकडे, मी डावीकडे. इतकी वर्षं झाली, पण बाजू कधी बदलल्या नाहीत. अजून रस्त्याने चालताना मी डावीकडेच चालतो, उजवीकडे तुझ्यापुरती जागा सोडून.

आणि ठेवताना तुझा तो नियम. उचलताना कोणाची बोटं चेंगरत नाहीत, चेंगरतात ती ठेवताना, हे तू पहिल्याच वर्षी माझ्या करंगळीच्या नखावरून शिकलास. माझं नख गेलं आणि नियम तुझा झाला, हेही नेहमीचंच! पेटी जमिनीपासून बोटभर उरली की तू विचारायचास, “बोटां काडलीं?” मी खालची बोटं काढून पंजे बाजूला दाबून धरायचे आणि म्हणायचं, “काडलीं.” मग तू म्हणायचास, “सोड.” आणि दोघांनी एकदम वजन सोडायचं. मी ‘काडलीं’ म्हटल्याशिवाय तुझ्या तोंडून ‘सोड’ कधी आलं नाही. एकदा डिचोलीत मी मुद्दाम गप्प राहिलो, तुझी गंमत करायला. तू पेटी तशीच अधांतरी धरून उभा, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, पण सोडशील तर शपथ. शेवटी मलाच हसू फुटलं. त्या दिवशी जेवेपर्यंत तू माझ्याशी बोलला नव्हतास.

डिचोलीवरून आठवलं. ते खोबरेलाचं प्रकरण! त्या जुन्या घराचा वरचा मजला लाकडी, फळ्या अशा तुकतुकीत की तोंड दिसावं, आणि साखरपुडा नेमका वर. घरच्या मालकिणीने आधीच बजावलं होतं, ओढू नका, फळ्यांना चरे पडतील. मी म्हटलं, उचलूया. तू म्हटलंस, “थांब रे, माका एक आयडिया सुचली.” तुझी आयडिया म्हटली की मी दोन पावलं मागे सरायचो. वयनीकडून सकाळी डोक्याला लावायला आणलेली तेलाची बाटली काढलीस आणि फळ्यांवर बोटाने पट्टा ओढलास. पेटी सरकली, खरंच सरकली, लोण्यावरून सुरी जावी तशी. एक चरा नाही. तू माझ्याकडे असं बघितलंस की जसा काही चंद्रावर जाऊन आलास. आणि संध्याकाळी नवऱ्यामुलाचा मामा पेढ्यांचं ताट घेऊन त्याच पट्ट्यावर आला. ताट एकीकडे, मामा दुसरीकडे, धोतर तिसरीकडे. तू मायक्रोफोन हातात घेऊन गंभीरपणे म्हणालास, “हॅलो, हॅलो, चेक.” हसून हसून मी जिन्यात जाऊन बसलो होतो. आता हे लिहिताना हसू येतंय आणि लगेच पेन खाली ठेवावं लागतंय. हे असं चाललंय माझं.

तेल गेलं आणि वाकळ आली. सुमतीवयनीने जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड वाकळ, तिच्या लग्नातल्या शालूचा काठ लावलेली. थंडीसाठी शिवली होती बिचारीने, आणि तू एका सकाळी ती टेंपोत घालून चालता झालास. पेटी एका कडेवर तिरकी करायची, खाली वाकळ सारायची, पेटी बसवायची आणि मग खालून, अगदी तळाजवळून ढकलायचं. वरून ढकललं तर उंच पेटी तोंडावर पडते. चाकं नकोत, लाकडात खळगे पडतात. रबराचे पाय नकोत, काळे डाग राहतात. हे सगळं तू मला इतक्यांदा ऐकवलंस की झोपेत विचारलं तरी सांगेन. वयनी मात्र प्रत्येक वेळी फाटकातून ओरडायची, “माजी वाकळ! ती पेट्यांक न्हय, मनशांक शिवल्या!” तू टेंपोतून हात हलवायचास.

मला वाकळ कधी पटली नाही. मी म्हणायचो, मर्दासारखं उचल, जमिनीचा संबंधच नको. तू म्हणायचास, “उचलल्ली पेटी खंय तरी ठेवचीच पडता, गुण्या. आनी आता आमची पाठ तशी रवली नाय.” मी म्हणायचो, तुझी नसेल, माझी आहे. मग तू माझ्या पाठीत एक धपका घालायचास आणि मी कळवळलो की, “पळय, आसा म्हणे पाठ!” उचलायचं की सरकवायचं, हा वाद आपण टेंपोत घातला, चहाच्या गाड्यावर घातला, लोकांच्या लग्नात पंगतीत बसून घातला. आदल्या संध्याकाळीही घातला. मी म्हटलं, उद्या बघू. तूही म्हटलंस, उद्या बघू. आता कोणाशी भांडू?

तो शेवटचा वाद मोरजीच्या हॉलवरून होता. समुद्राजवळ त्या दिल्लीच्या बाईने योगासाठी बांधलेला हॉल. खालची जमीन अख्खी लाकडाची, पायाला ऊब लागणारी. पहिल्या खेपेला आपण पेट्या घेऊन गेलो तेव्हा बाईंनी आधी पेट्यांकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे, मग जमिनीकडे, आणि त्यांचा चेहराच पडला. तू चपला बाहेर काढल्यास, नळावर पाय धुतलेस आणि आपल्या त्या थोर हिंदीत म्हणालास, “मॅडम, एक चरा पडा तो दोनों पेटी आपका.” आपला सगळा संसार त्या दोन पेट्यांत आणि हा पैजेवर लावतोय. बाई हसल्या, म्हणाल्या, मंजूर. तेव्हापासून प्रत्येक खेपेला काम संपलं की त्या अनवाणी चालत जमीन बघायच्या, तू मागे हात बांधून त्यांच्या पाठोपाठ, आणि शेवटी म्हणायचास, “मिला क्या?” एकदाही मिळाला नाही.

गोम काय ते तिथेच तुला कळलं. पेटीच्या वजनाने चरा पडत नाही, पडतो तो वाळूने, आपल्या रेंवेने. मोरजीत वाळू कुठे नसते? पायाला, चपलेला, केसांत. तिचा एक कण पेटीखाली आला की झालं. म्हणून आधी मऊ केरसुणी, मग ओलं फडकं, मग कोरडं, आणि मगच वाकळ. तू गुडघ्यांवर बसून जमिनीला गाल लावून उजेडात बघायचास. मी म्हणायचो, उठ रे, नमाज पढतोस काय. तू म्हणायचास, “रेंव दिसता काय पळयतां.” तू गेलास तेव्हा पेट्या त्याच हॉलमध्ये उभ्या होत्या. त्या दिवशी त्या काढायला जायचं होतं आपल्याला.

तुला नेलं त्या दिवसाचं मला फार काही आठवत नाही. माणसं पुष्कळ होती, कोणी तरी सारखं पाणी देत होतं. मी डाव्या बाजूला खांदा दिला, तेवढं मी मागून घेतलं. पण चितेवर ठेवायची वेळ आली, तिथेही खाली लाकूडच होतं, आणि मी वाकलो, माझी बोटं तुझ्या पाठीखाली, आणि मी थांबलो. मला कळेनाच की मी कशासाठी थांबलोय. सगळ्यांनी हात काढले. मी वाट बघत होतो कोणी तरी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. मग माझ्याच तोंडून आलं, “बोटां काडलीं?” मोठ्याने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. विचारणारा तू खाली आडवा. शेवटी तुझ्या भाच्याने माझं मनगट धरून हळूच हात बाहेर काढला. बाबल्या, मी ‘काडलीं’ म्हटलं नव्हतं. माझी बोटं अजून तिथेच आहेत असं वाटतं. जेवताना, गाडीचं चाक धरताना, कधीही.

आणि घरी आलो तर मला सुतक नाही. तुझ्या चुलत्यांना आहे, मुंबईला राहणाऱ्या त्या चुलत भावालाही आहे, ज्याने तुला शेवटचं कधी बघितलं ते देवच जाणे. मला नाही. मी आंघोळ केली की मोकळा. देवळात जाऊ शकतो, गोडधोड खाऊ शकतो, कोणी अडवणार नाही. मी कोणाचा कोण? त्यातच गावची जत्रा आली. दरसाल आवाज तुझ्या पेट्यांचा. देवळाच्या ओट्यावर बसलो होतो, कमिटीचा एकजण मला विचारायला आला, “गुणा, पेट्यांक सुतक लागता काय रे?” तिथेच बसून चौघांची चर्चा सुरू. एक म्हणतो लाकडाला लागत नाही, दुसरा म्हणतो आत कापूस आहे, कापसाला लागतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “लागता! त्यो घरच्योच. बाहेरचो मी एकलोच.” आणि तिथून उठून आलो. यंदा जत्रेला दुसऱ्या कोणाचा तरी आवाज होता. लांबून ऐकला मी. फाटका होता, तुला खोटं कशाला सांगू, तुला बरं वाटेल म्हणून सांगतोय.

तेरावं झालं आणि मी वयनीला म्हटलं, मोरजीच्या पेट्या आणायला हव्यात, हॉलमध्ये किती दिवस ठेवणार. मी दोघं पोरं शोधतो उचलायला. वयनी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “माजी वाकळ खंय आसा?” म्हटलं, टेंपोत. ती म्हणाली, “तर पोरां कित्याक? मी येतंय.” तुझी बहीण आतून आली, “लोक काय म्हणतले?” वयनी म्हणाली, “लोकांक पेट्यो उचलूक येतत?” आणि चप्पल घालून टेंपोत येऊन बसली, तुझ्या जागेवर. पुलावरून जाताना म्हणाली, “रोज सांगायचे, अशी जमीन, तशी जमीन. माका एकदाय दाखोवक न्हेलां नाय.” मी काच खाली केली.

हॉलच्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी वयनीचा हात धरला आणि म्हणाल्या, पेट्या असू देत, घाई नाही, हव्या तेवढे दिवस राहू देत. मी म्हटलं, नाही मॅडम, त्याचा शब्द आहे. बाई म्हणाल्या, मला माहीत आहे. त्यांचे डोळे भरले. मला एवढंच कळत होतं की आज चरा पडला तर तुझा शब्द माझ्या हातून जाणार, आणि तू तो परत राखायला येणार नाहीस.

मी टेंपो व्हरांड्याला मागे लावला. व्हरांडा टेंपोच्या फळीइतकाच उंच, पेट्या तिथून सरळ टेंपोत ढकलता येतात, उचलाव्या लागत नाहीत. चपला काढल्या, पाय धुतले आणि सरळ पेटीला हात घालणार तोच वयनीने मला अडवलं, “रावा! रेंव?” आणि केरसुणी मागून घेतली. झाडलं, पुसलं, कोरडं केलं, आणि मग पदर खोचून, गुडघ्यांवर बसून तिने जमिनीला गाल लावला. हुबेहूब तू. मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिलो. तू घरी हे सगळं करून दाखवत असणार, दुसरं काय!

पहिली पेटी मी तिरकी केली, तिने वाकळ सारली, आणि मी एकटाच पेटी खाली बसवली, ना ‘काडलीं’, ना ‘सोड’. मग दोघांनी वाकून, तळाजवळून ढकललं. शालूचा काठ पुढे, पेटी मागे, हळूहळू, सगळा हॉल ओलांडून थेट टेंपोत. आवाज नाही, घासणं नाही. उचलायची गरजच पडली नाही रे. घे, तुझं खरं झालं. वाद संपला आणि जिंकल्याचं बघायला तू नाहीस, याच्याइतकं वाईट मला दुसरं कशाचंच वाटत नाहीये.

दुसरी पेटी म्हणजे ती, जिचा तळ जरा वाकडा आहे. ती एकट्याने बसत नाही. वयनी उजवीकडे आली. मी डावीकडे. तिरकी केली, परत आणलेली वाकळ पायानेच सारली, आणि दोघं मिळून खाली आणायला लागलो. जमीन बोटभर राहिली. मी थांबलो. माझी बोटं खाली होती आणि मला ती काढताच येईनात. सगळं वजन बोटांवर येऊ लागलं तरी काढवेनात. काढली की ठेवणं आलं, ठेवलं की संपलं.

वयनीने माझ्याकडे बघितलं. चेहरा लाल झालेला, तिला ते वजन झेपत नव्हतं, पण तिने सोडलं नाही.

“गुणाभाव,” ती म्हणाली, “बोटां काडलीं?”

पाण्याचं तपेलं खाली ठेवताना, तुझ्या आजारी आईला खाटेवर ठेवताना, घरीही तू हेच विचारायचास म्हणे. हे तिने नंतर सांगितलं, येताना टेंपोत. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की कोणी तरी शेवटी विचारलं.

मी बोटं काढली. ती मोकळी झाली. पंजे बाजूला दाबले. “काडलीं,” म्हटलं.

आयुष्यात मला कधी अरेतुरे न केलेली तुझी बायको, नेहमी ‘तुमी’ म्हणणारी, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत असताना म्हणाली, “सोड.”

सोडलं. चरो पडूंक नाय, मेल्या.